टिपणीसताईची चोरलेली भरती

टिपणीसताई मासळी घ्यायला आली की आधी माशाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. मी पापलेटावर पुन्हा पुन्हा पाणी मारत असले की म्हणायची, "चांगुणाबाई, आज पापलेट नको. तुम्ही त्याच्याकडे फार मायेने बघताय." आणि पापलेट खरंच कालचं असायचं. चाळीस वर्षं मी ठाण्याच्या बाजारात मासळी विकली. मला असं पकडणारं गिऱ्हाईक ते एकच.

ती मागच्या वर्षी गेली. त्र्याऐंशी वर्षांची होती, तेव्हा रडण्यासारखं काही नव्हतं, आणि मी रडलेही नाही. पण नंतर नौपाड्यात तिच्या फोटोसमोर भाषणं झाली. मुलांसाठी लिहायची म्हणून कोणी तिला ममताळू म्हटलं, कोणी शांत, कोणी सात्त्विक. मी मागच्या खुर्चीवर बसून म्हटलं, ही कुठली बाई? चिंबोरीची नांगी चोखून चोखून पांढरी करणारी ती सात्त्विक? म्हणून हे लिहायला घेतलं. माझं शिक्षण चौथी. नातीने ऱ्हस्व-दीर्घ नीट केलंय, मजकुराला मी तिला हात लावू दिला नाही.

टिपणीसताईचं लग्न झालेलं नव्हतं. नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि हातात बारा महिने एक काळी पुरुषी छत्री. ऊन असो, पाऊस असो, काही नसो, छत्री हवीच. त्या छत्रीने ती रिक्षा थांबवायची, कुत्री हाकलायची आणि मासा न उचलता उलटा करून बघायची. आम्ही कोळणी सगळ्या गिऱ्हाइकांना तू म्हणतो, तशी तिलाही मी तू म्हणायची. ती मला तुम्ही म्हणायची. पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतेय. मी म्हटलं, "मला कशाला गो तुम्ही?" ती म्हणाली, "सुरी तुमच्या हातात आहे."

नोकरी तिने टेलिफोनच्या ऑफिसात केली. पूर्वी परगावी फोन लावायचा तर मध्ये बाई लागायची, ती ही. तीन मिनिटं झाली की बोलणं तोडायचं. तीस वर्षं तिने हेच केलं. "कोणाचा बाप आजारी आहे, कोणाची मुलगी पळून गेलीय, कोण कोणावर ओरडतंय, सगळं मी ऐकलं," ती सांगायची, "आणि सगळं अर्धवट. एकाचाही शेवट मला माहीत नाही." त्यामुळे तिला एक खोड लागली होती. तुम्ही काहीही सांगा, ती म्हणणार, "मग पुढे?" मी म्हटलं, काल माझ्या सुनेने भांडण काढलं. "मग पुढे?" पुढे काय, जेवलो आणि झोपलो. तिला ते पटायचं नाही. "असं कसं? भांडणाचं काय झालं?"

रिटायर झाल्यावर ती स्वतःच गोष्टी लिहायला लागली, बारा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी. लहानांना सगळं खरं वाटतं आणि मोठ्यांना काहीच खरं वाटत नाही, मधली पोरं तेवढी भांडतात, म्हणून मधल्यांसाठी, असं ती म्हणायची. गोष्ट लिहायच्या आधी ती बाजारात सांगून बघायची. माझ्या पाटीसमोर उभी राहून, मी मासे कापत असताना. लोक निघून गेले तर तो भाग बाद. एकदा तिने खाडीतल्या राक्षसी चिंबोरीची गोष्ट सुरू केली. ती चिंबोरी होडीएवढी, आणि तिच्या पाठीवर गाव वसलेलं. गावातल्या लोकांना माहीतच नाही की आपण चिंबोरीवर राहतो. एके दिवशी ती हलली.

तिथे ही बाई गप्प. "बोंबील द्या अर्धा डझन."

मागे उभा असलेला एक माणूस चिडला. "अहो, हलली मग काय झालं?"

"लिहून झालं की कळेल."

"मी काय ते होईपर्यंत इथे उभा राहू?"

शेजारची यमुना कोळीण म्हणाली, "भाऊ, उभा राहा, पण बाजूला राहा. माझं गिऱ्हाईक अडतंय."

पण यमुनाही त्या दिवशी दोनदा मला विचारून गेली, चिंबोरी हलल्यावर गावाचं काय झालं असेल म्हणून.

त्याच गोष्टीतून, चिंबोरी गाळून, पुढे पुस्तक झालं, 'खाडीखालचं दार'. दोन भावंडं, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. त्यांच्यासोबत एक निवट्या. निवटी म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलातला बोटभर मासा, डोळे डोक्यावर, चिखलावर उड्या मारत चालणारा. टिपणीसताईचा निवट्या बोलतो, फुशारक्या मारतो आणि घाबरला की खोकतो. पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटीने खाडी कोरडी पडते, तिघं चिखलातून चालत खाडीच्या मधोमध असलेल्या दारापाशी जातात, खाली उतरतात. शेवटी दार मिटायला लागतं. भावंडं बाहेर पडतात. निवट्या दार धरून ठेवतो आणि आत राहतो. पुस्तक संपलं.

पोरांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. ठाण्यातली, डोंबिवलीची, पार कल्याणच्या पुढची. तिला पत्रं यायची. ती पत्रं तिने पापडाच्या डब्यात ठेवली होती. सगळ्या पत्रांत एकच गोष्ट: निवट्याचं काय झालं? म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांना 'मग पुढे' विचारणाऱ्या बाईला आता दीडशे पोरं तेच विचारत होती. ती खूश होती. तिने दुसरा भाग लिहायला घेतला आणि पहिल्याची एक प्रत मला दिली. आत लिहिलं होतं, 'चांगुणाबाईंस, ज्यांनी मला निवटी दाखवली.' दाखवली ती मेलेली, पाटीत. जिवंत तिने कधी बघितली नव्हती. खाडीपासून वीस मिनिटांवर राहून खाडीच्या चिखलात पायही घातला नव्हता.

मी पंधरा दिवस लावून पुस्तक वाचलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोन पानं. जोडाक्षरं आली की थांबायचं, मागे जायचं, पुन्हा धरायचं. ती पुढच्या वेळी आली तशी छत्री टेकून उभी राहिली. "मग?"

मी म्हटलं, "चांगलं हाय. पण तुजी पोरां बुडतील."

"म्हणजे?"

"पुनवेला मध्यरात्री खाडी कोरडी नसते गो ताई. भरलेली असते, काठोकाठ. उधाण असतं. तुजी पोरां दारापर्यंत पोचायचीच नाय. चार पावलांत गेली."

तिला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग मी तिला हिशेब सांगितला. आम्हाला तो माझ्या आज्याने शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्रात भरती पूर्ण. आमच्या खाडीत आतपर्यंत यायला पाण्याला तास लागतो, म्हणून वर एक. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, वर एक, चार वाजता. पौर्णिमा म्हणजे पंधरावी. पंधरा पाऊण सव्वाअकरा, वर एक, सव्वाबारा. दुपारी आणि रात्रीही. शाळेत चौथीपर्यंत आमच्याकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, घोकून घेतली होती. बाकी शाळेतलं काही उपयोगाला आलं नाही, हे आलं.

टिपणीसताई इंग्रजीतून मॅट्रिक, तीस वर्षं घड्याळावर नोकरी. तिने चंद्र घेतला होता दिसायला छान म्हणून, आणि ओहोटी घेतली होती पोरांना चालायला हवी म्हणून. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध असतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिने मनातल्या मनात दोनदा हिशेब केला. मग बोंबील न घेता निघून गेली.

त्यानंतर महिनाभर तिने गोष्ट सांगितली नाही. यायची, मासळी घ्यायची, जायची. मी विचारलं, "पुढचं पुस्तक?" म्हणाली, "बंद. पहिलंच खोटं पडलं, त्यावर दुसरं कसं उभं करू? सगळी गोष्ट त्या एका ओहोटीवर आहे. दुसरा भाग तिथूनच सुरू होतो." मी म्हटलं, कोणाला कळतंय? ती म्हणाली, "तुम्हाला कळलं." मला तेव्हा वाटलं, आपण तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण ते मला आजवर जमलेलं नाही.

तेवढ्यात ठाकुर्लीच्या एका शाळेने तिला बोलावलं. ती मला घेऊन गेली. कशाला, तर म्हणे चूक दाखवणारा माणूस सोबत असलेला बरा. सातवी-आठवीची पोरं जमिनीवर बसली होती. एका मुलीने पहिलाच प्रश्न टाकला, "निवट्या मेला का?" दुसरी कुठलीही लेखिका म्हणाली असती, पुढच्या पुस्तकात वाचा. ही म्हणाली, "मला माहीत नाही. माझी एक चूक झाली आहे आणि त्यामुळे मी अडकले आहे." आणि तिने फळ्यावर पाऊणकी लिहून, पंधरा पाऊण सव्वाअकरा, वर एक, असं सगळं समजावून आपली चूक पोरांना दाखवली. शिक्षक अस्वस्थ झाले. पोरं मात्र आनंदाने ओरडली. छापलेल्या पुस्तकात चूक असते, हे त्यांना बहुतेक कोणी सांगितलंच नव्हतं.

परत आलो तर घरी खडवलीहून एक पत्र आलेलं. लिहिणारी तेरा वर्षांची. माझ्याकडून टिपणीसताईने ते मोठ्याने वाचून घेतलं, कारण तोवर तिला बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. पत्र लहान होतं. 'आमच्या नदीला पूर आला तेव्हा मी कुत्र्याला सोडून आले नाही. तुमच्या मुलांनी मित्राला सोडलं. मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही त्याला आणेपर्यंत मी पुस्तक उलटं ठेवलं आहे.'

टिपणीसताई चपला काढून बसली. तिला विचार करायचा असला की ती चपला काढायची. मग म्हणाली, "पुस्तक उलटं ठेवलंय, चांगुणाबाई. आता मी काय करू?"

मला भूक लागली होती आणि घरी जायचं होतं. मी वैतागून म्हटलं, "तू लिवलंस की पुनवेला मध्यरात्री खाडी कोरडी. तर कोरडी. पण मग तेवढं पाणी गेलं कुठे? कोणी नेलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं पापलेट कालचं असल्यावर बघायची. "मग पुढे?"

"मग पुढे मला काय म्हाईत? चोरलं असंल कोणीतरी."

ती उठली आणि अनवाणीच खोलीत फेऱ्या मारायला लागली. छत्री शोधायला लागली. छत्री तिच्याच हातात होती. "चोरली! भरती चोरली! त्या रात्री भरती यायला हवी होती, आणि आली नाही, आणि दोन शहाण्या पोरांना कळलंही नाही की हे विचित्र आहे! चूक माझी नाही चांगुणाबाई, चूक त्यांची!" एवढी आनंदात मी तिला हलव्याच्या तुकडीसमोरही बघितली नव्हती.

दुसऱ्या भागाचं नाव तिथेच ठरलं, 'चोरलेली भरती'.

त्यानंतर मी तिला खाडीवर नेलं. संकष्टी होती. संकष्टीला नौपाड्यातलं निम्मं गिऱ्हाईक उपाशी, त्यामुळे मी मोकळी, आणि तिचाही उपास. चतुर्थीची भरती चारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आत तळाला. तिने साडी गुडघ्यापर्यंत खोचली, छत्री घेतली आणि मी थांब म्हणायच्या आत चिखलात उतरली. मांडीपर्यंत गेली. वय अठ्ठ्याहत्तर. मी आणि माझा पुतण्या दोघांनी ओढलं, तर छत्री आत आणि ती बाहेर, हसून हसून श्वास लागलेला. समोर निवट्या पाच-पन्नास, ओल्या चिखलावर टपटप उड्या मारतायत. "अहो, पण हे पाण्याबाहेर आहेत!" ती ओरडली. मी म्हटलं, "निवटी ओलीवर जगते. चिखलात भोक करून बसते, पाणी येईपर्यंत." ती चिखलातच बसली. "म्हणजे तो मेला नाही," म्हणाली. "दार मिटलं तरी आत ओल असेल." पुतण्या मला हळूच म्हणाला, "काकी, कोण मेला नाय?" मी म्हटलं, तू छत्री काढ.

डोळे मात्र वेगाने जात होते. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभरात वाचणं-लिहिणं बंद होईल, त्याच्यावर इलाज नाही. तिने विचारलं, "वर्ष म्हणजे पुरे बारा महिने का?" आणि घरी येऊन कामाला लागली. आधी मोठ्या अक्षरात लिहिलं, कॅलेंडरच्या पानांमागे, एका पानावर दहा ओळी. मग पाच. मग ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. भाच्याने फोनमध्ये बोलून लिहायची सोय करून दिली. दोन दिवसांत तिने फोन परत केला. "हा सगळं ऐकून घेतो," म्हणाली, "पण 'मग पुढे' म्हणत नाही."

म्हणून मी लिहून घ्यायला बसले. बाजार आटोपला की दुपारी तिच्याकडे. माझं अक्षर मोठं आणि वेग बैलगाडीचा. तिला ते सोयीचं होतं, म्हणे एवढ्या वेळात वाईट वाक्य मनातच मरतं. भांडणं रोज. भरती चोरणारी वाम होती, म्हणजे बिळात राहणारा सापासारखा मासा. ताई म्हणाली, वामेने भरती गिळली. मी लेखणी खाली ठेवली. "वाम एवढं पाणी पिणार नाय."

"चांगुणाबाई, ही कल्पना आहे."

"कल्पना असली तरी वाम ती वामच. पोट बघ केवढं तिचं."

"मग कुठे ठेवेल ती भरती?"

मी म्हटलं, भाईंदरच्या बाजूला आणि आमच्याकडेही कितीतरी मिठागरं ओस पडलीत. उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि उघाडी, म्हणजे फळीचं दार, टाकायचं. वामेने तसंच केलं असेल. तिने ते घेतलं. उघाडी कधी उघडायची, तर तिथीच्या पाऊणपटीला, आणि पाऊणकी पोरांना येत नसते. ती येते फक्त दाराआड अडकलेल्या निवट्याला. आतून तो घोकतो, बाहेरून पोरं मोजतात. शेवटचं प्रकरण तिने एका बैठकीत सांगितलं. पाणी सुटतं, निवट्या त्याच्यावर बसून येतो आणि पहिलं वाक्य बोलतो, 'उशीर केलात.' मी लिहिलं. ती म्हणाली, "वाचा." मी वाचलं. ती म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आता पुरे. माझी मासळी नासतेय." त्या दिवशी टोपली दारात ठेवूनच मी आले होते.

पुस्तक छापणाऱ्यांचा फोन आला, कागदांना मासळीचा वास येतोय म्हणून. ताई म्हणाली, "विषय खाडीचा आहे. मोगऱ्याचा यावा अशी अपेक्षा होती का?"

पुस्तक आलं तेव्हा तिला दिवा आहे की नाही एवढंच दिसत होतं. तिने प्रत हातात घेतली, वजन बघितलं, माशासारखं. "पहिल्यापेक्षा जड आहे," म्हणाली. एक प्रत खडवलीला धाडली.

शेवटचं म्हणून मला जे आठवतं ते त्यानंतरच्या संकष्टीचं. आम्ही पुन्हा खाडीवर गेलो होतो, या वेळी काठावरच, एका उलट्या होडीवर बसून. खडवलीचं उत्तर माझ्या कनवटीला होतं, तिला तिथेच ऐकायचं होतं. मी वाचलं, अडखळत. 'पुस्तक सरळ ठेवलं आहे. निवट्याला सांगा, मला पाऊणकी पाठ झाली. पण वाम कुठे गेली ते तुम्ही लिहिलं नाही. मग पुढे?'

टिपणीसताई एवढ्या जोरात हसली की शेजारच्या होडीतला बगळा उडाला. "पकडलं मला," म्हणाली. "एवढ्याशा पोरीने पकडलं."

मग तिने विचारलं, "निवट्या आहेत का?"

"आहेत. उड्या मारतायत."

ती मान तिरकी करून ऐकत राहिली. चिखलावर टपटप आवाज येत होता. तिच्या हातात घड्याळ नव्हतं, ते तिने केव्हाच काढून टाकलं होतं. तिचे ओठ हलत होते. चार पाऊण तीन. वर एक. मग तिने सहा तास मागे मोजलं असावं.

"चांगुणाबाई, पाणी वळलं," ती म्हणाली.

मी बघितलं. मला वाटलं, अजून नाही. सगळा जन्म माझा या खाडीवर गेला, ही नौपाड्याची बाई मला काय सांगते? समोर पाण्यावर एक पान होतं, थांबलेलं. मी त्याच्यावर नजर लावली. ते थोडं हललं, आणि हळूहळू आत, आमच्याकडे यायला लागलं.

"वळलं?" तिने विचारलं.

"वळलं," मी म्हटलं.

तिने चपला काढल्या, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "वही आणलीय का?"